चार बोटं जागा

डेपोत त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. पगाराच्या कागदावर काय असेल ते असो, बाकी सगळ्यांना ते सावकाश. एकतीस वर्षं बस चालवली. कुणाला धक्का नाही, कुणाच्या गाडीला ओरखडा नाही. मागून कुणी हॉर्नवर हॉर्न मारू लागला की आरशात बघून म्हणायचे, "सावकाश रे बाबा. यमाला घाई नाही, तुला कशाला?" तेच नाव पडलं आणि चिकटलं. नवीन आलेले ड्रायव्हरही आठवड्याभरात त्यांना सावकाशकाका म्हणू लागत.

सकाळची पहिली फेरी सुटायच्या आधी ते डेपोतल्या बाकावर बसून पेपर वाचत. मोठे मथळे ते बघतसुद्धा नसत. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात एक चौकट येत असे. कुठे कुणी काय वेडेपणा केला त्याची. तेवढी ते मोठ्यानं वाचून दाखवत. कुणी गॅस गळतोय का ते काडी ओढून पाहिलं. कुणी चोरी करायला शिरला आणि घरमालकाच्या पलंगावर घोरत पडला. कुणी छपरातलं मधमाश्यांचं पोळं जाळायला गेला आणि छप्परच जाळून बसला. "देव अक्कल वाटत होता तेव्हा हा चाळण घेऊन गेला होता," असं सावकाश म्हणायचे आणि बाकभर हशा पिकायचा. त्यांच्या मनात कुणाबद्दल वाईट नव्हतं. आपण त्यातले नाही एवढं समाधान होतं, आणि ते तर तुम्हाआम्हा सगळ्यांनाच असतं.

नऊ वर्षं त्यांचा रस्ता एकच होता. डेपो, बाजार, मोठी शाळा, मग रेल्वेच्या जुन्या दगडी पुलाखालून पलीकडे आणि शेवटी सरकारी दवाखाना. पुलाच्या बरोबर खाली एक थांबा होता. माणसं उन्हातान्हात तिथेच सावलीला उभी राहत, म्हणून कुण्या शहाण्यानं थांबाच तिथे करून टाकला होता.

निवृत्तीला सात महिने उरले असताना त्यांची नेहमीची गाडी दुरुस्तीला गेली आणि बदली म्हणून नवी गाडी मिळाली. टपावर गारव्याची मोठी पेटी, त्यामुळे जुनीपेक्षा हातभर उंच. डेपोत सूचना लागली होती: नव्या गाड्या पुलाखालून न्यायच्या नाहीत, कातड्याच्या कारखान्यांकडून वळसा घालून न्यायच्या, पुलाचा थांबा वगळायचा. त्यांच्या गाडीवरच्या कंडक्टरबाईनं ती त्यांना वाचून दाखवली. पोरगी त्यांच्या मुलीच्या वयाची, बोलायला फटकळ. "काका, इथे सही करा. आणि नीट वाचून करा, नाहीतर म्हणाल, चष्मा नव्हता." त्यांनी चष्मा लावून सही केली.

पहिल्या दिवशी सांगितल्याप्रमाणे वळसा घालून नेली. परतीच्या फेरीला दवाखान्यापाशी एक गृहस्थ चढले. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला जात ते, चेहरा मेणासारखा. ते काही भांडले नाहीत. नुसतं म्हणाले, "आज पुलाखाली तासभर उभा होतो हो तुमची वाट बघत. मग चालत निघालो. अर्ध्या वाटेत बसावं लागलं." सावकाशांच्या जिवाला ते लागलं. दुसऱ्या दिवशी पुलापाशी येताच त्यांनी गाडी थांबवली आणि खाली उतरून मान वर करून बघितलं.

"पोरी, पुढे उभी राहा आणि पेटीकडे बघत राहा. मी इंचाइंचानं आणतो."

"काका, आपण सही केलीय."

"सही करणाऱ्याला डोळे नसतात का? तू बघ फक्त."

गाडी खालून निघाली. "किती राहिली होती?" त्यांनी विचारलं.

"चार बोटं," ती म्हणाली. "माझी. तुमची असती तर तीनच."

"चार बोटं म्हणजे पुष्कळ झाली."

तिसऱ्या दिवशी निघाली, चौथ्या दिवशीही निघाली. चौथ्या दिवशी ते उतरलेसुद्धा नाहीत. माणूस पहिल्या झटक्यात कधी फसत नाही. आधी त्याला चार दिवस यश यावं लागतं, तेव्हा कुठे त्याच्या हातून खरा मूर्खपणा घडतो.

सकाळच्या त्या वेळची गाडी पुलापाशी यायची ती खच्चून भरलेली. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबलेले, टप खाली आलेला. ती चार बोटं पुलानं दिलेली नव्हती, आत उभ्या असलेल्या सत्तर माणसांच्या वजनानं दिलेली होती. एकतीस वर्षांच्या ड्रायव्हरला हे सांगायची गरज नव्हती. कंडक्टरबाईलाही कळायला हवं होतं. पण कळणं वेगळं आणि त्या घटकेला आठवणं वेगळं.

पाचव्या दिवशी पुलाजवळच्या गोदामात कामगारभरती होती. बाजारापासून तरुण पोरं चढली, दारात लोंबकळत आली, आणि पुलाखालच्या थांब्यावर दोन्ही दारांनी चाळीसएक जण एकदम उतरले. हलकी झालेली गाडी पाट्यांवर श्वास घ्यावा तशी वर उचलली गेली. डोक्यावरून आवाज आला, जनावर कण्हावं तसा.

बाई ओरडली, "काका, हलवू नका!"

पण एकतीस वर्षांत ज्यांनी घाई केली नव्हती त्यांनी त्या क्षणी केली. काढू पटकन, म्हणून पहिला गिअर टाकला आणि गाडी रेटली. पेटी वीतभर पुढे सरकली आणि दगडात पाचर बसावी तशी बसली. जागच्या जागी टायरची हवा सोडली असती तर दहा मिनिटांत सुटली असती. आता मागेही येईना आणि पुढेही जाईना.

बाई खाली उतरून पोरांना हाका मारत होती, "अरे परत बसा रे! सगळे आत बसा, गाडी खाली येईल!" पोरं हसत होती. "आधी उतरा म्हणतात, मग बसा म्हणतात, तिकीट दोनदा काढू का?" निम्मी भरतीच्या रांगेकडे पळाली, उरलेल्यांनी फोन वर केले. सावकाश पायऱ्यांवर उभे राहून डोक्याला हात लावून वर बघत होते, पुढे पेपरात आला तो फोटो तेव्हाचाच.

आणि मग त्यांना रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला.

रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग लागलेली. भोंगा लांब होता आणि जवळ येत नव्हता. सावकाश गुडघ्यावर बसून टायरच्या तोंडात खिळा दाबत होते, हवा फुसफुसत होती, आणि त्या फुसफुसण्याच्या वरून तो भोंगा वाजतच होता. चौथ्या टायरपाशी आले तेव्हा तो अचानक बंद झाला. पुढे जाता येत नाही म्हटल्यावर त्या ड्रायव्हरनं तो बंद केला असावा. सावकाशांना ते समजलं. पण भोंगा वाजत होता तेव्हा जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी तो थांबल्यावर वाटली.

दुसऱ्या दिवशी पेपरातल्या त्याच चौकटीत ते आले. फोटोसकट. 'प्रवासी उतरले, बस वर चढली.' डेपोत त्या दिवशी पेपर दुसऱ्याच कुणी वाचून दाखवला. "काय सावकाश, आज माणसं उतरवू का राहू देऊ?" "काकांच्या गाडीत जाड्या माणसांना तिकीट माफ!" मेहुणीचा फोन आला, "ताई, भाऊजी पेपरात आले, पेढे कधी?" त्यांच्या बायकोनं तो कानापासून लांब धरला आणि ठेवून दिला. सावकाश सगळ्यांबरोबर हसले. एकतीस वर्षं दुसऱ्यांना हसण्याची सवय होती, ती स्वतःलाही पुरली.

चौकटीत रुग्णवाहिकेचा उल्लेख नव्हता. कुणाच्या बोलण्यातही तो नव्हता.

चौकशी झाली ती अर्ध्या तासात. डेपोच्या साहेबांनी त्या रस्त्यावर उंच गाडी स्वतःच्या सहीनं पाठवली होती, त्यामुळे त्यांनाही फार खोलात जायचं नव्हतं. त्यांनी आपणच मजकूर सांगितला: अचानक मोठ्या संख्येनं प्रवासी उतरल्यानं अनपेक्षित घटना. वळशाची सूचना कुठेच आली नाही. चार दिवस तशीच गाडी नेली हेही आलं नाही. "सही करा आणि सुखानं निवृत्त व्हा," साहेब म्हणाले. सावकाशांनी सही केली. अक्षर बरं आलं नाही.

त्या रात्रीपासून त्यांना देवापुढे हात जोडता येईनात. जोडायचे, आणि कानात तो भोंगा अचानक बंद व्हायचा. पुढे काही म्हणता यायचं नाही.

पंधरा दिवसांनी दवाखान्याच्या फाटकापाशी फेरी संपल्यावर ते रुग्णवाहिकांच्या रांगेकडे गेले. तीन ड्रायव्हर सावलीत बसले होते. त्यांनी तारीख सांगून विचारलं, पुलाजवळ कोण अडकलं होतं?

एकानं मान वर केली. "मी. तुम्हीच का ते?"

"मीच."

त्यानं शिवी दिली नाही, हे त्यांना जास्त जड गेलं. "मास्तरीणबाई होत्या एक. निवृत्त. मेंदूत रक्ताची गाठ. डॉक्टरांचं म्हणणं, असल्या रोगात मिनिटं मोजतात. वाचल्या. पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. पोरांना पाढे शिकवायच्या म्हणे." त्यानं पत्ता सांगितला. "नवरा घड्याळं दुरुस्त करतो, बाजाराच्या मागच्या गल्लीत. जाऊन करणार काय तुम्ही?"

"सांगणार आहे," सावकाश म्हणाले. तोवर त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा बायको भाजी निवडत होती. हातातली सुरी तिनं खाली ठेवली.

"अहो, शुद्धीवर आहात का? झालं ते गंगेला मिळालं. त्या लोकांना ठाऊक आहे, बस अडकली. अपघात झाला. कुणाचा दोष नाही, असं समजून बसलेत ते. तुम्ही आपणहून जाऊन सांगणार, की माझा दोष? ते उद्या कोर्टात जातील. साहेब तुम्हाला वाऱ्यावर सोडतील. एकतीस वर्षांची नोकरी, आणि शेवटच्या सहा महिन्यांत स्वतःच्या पायावर कुऱ्हाड!"

"हो."

"नुसतं हो काय? आणि सांगून तिची वाचा परत येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

ते म्हणाले, "त्यांना वाटतंय ते खरं नाही. आणि खरं काय ते फक्त मला माहीत आहे."

ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा धुतलेला सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाली, "जायचंच असेल तर उजेडी जा. आणि जेवून जा. उपाशीपोटी माणूस रडतो, आणि तुम्ही तिथे रडायला जात नाही आहात."

कंडक्टरबाईलाही त्यांनी सांगितलं. तिनं तिकिटांची पिशवी खांद्यावर सारखी केली. "सांगा. पण मी आधी नको म्हटलं होतं, हेही सांगा हं." मग म्हणाली, "नको, राहू द्या. 'चार बोटं' मीच म्हटलं होतं."

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर उघडी घड्याळं, छोट्या छोट्या वाट्यांत चाकं आणि स्क्रू. घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून बसले होते. आतल्या दाराशी आरामखुर्चीत मास्तरीणबाई. केस व्यवस्थित विंचरलेले, उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा.

"घड्याळ आणलंय?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"नाही. मी त्या बसचा ड्रायव्हर. पुलाखालच्या."

घड्याळवाल्यांनी भिंग काढलं. त्यांच्या डोळ्याभोवती त्याचा गोल उमटला होता. "बसा," ते म्हणाले. "पेपरात वाचलं होतं. तुम्ही तरी काय करणार? माणसं उतरली, गाडी वर आली."

सावकाशांना तिथूनच परत जाता आलं असतं. समोरच्यानं दार उघडं ठेवलं होतं. पण ते बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सांगितलं. नवी गाडी, सूचना, चष्मा लावून केलेली सही. मेणासारख्या चेहऱ्याचे गृहस्थ. चार दिवस निघालेली गाडी. चाळीस पोरं. मग घाईनं टाकलेला गिअर, तो तर त्यांनी बायकोलाही सांगितला नव्हता. शेवटी चौकशीचा कागद. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. सांगून झालं तेव्हा खोलीत नुसती घड्याळं वाजत होती, प्रत्येक आपापल्या चालीनं.

"बेचाळीस मिनिटं," घड्याळवाले म्हणाले. "मी आत बसलो होतो. हिचा हात एका हातात, दुसऱ्या मनगटावर घड्याळ. माझं घड्याळ चुकत नाही. बेचाळीस मिनिटं."

घड्याळवाल्यांनी हातातलं भिंग टेबलावर ठेवलं.

"तुम्हाला ठाऊक आहे, त्या दिवसापासून मी काय करतोय? चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घेतलं. आणि त्या दिवसापासून त्याच्याशी भांडतोय. कुणाचा दोष नाही म्हटलं, की मग उरतो तोच. म्हटलं, तुला हिचीच वाचा सापडली का रे? जी कुणाला उणं बोलली नाही, तिची?" त्यांचा आवाज चढला नाही, पण एक वाटी त्यांनी बाजूला ठेवली ती आतले स्क्रू वाजतील इतक्या जोरानं. "आता कळलं, त्याचं काही नव्हतं. तुमचं होतं."

"माझं होतं."

"बरं झालं सांगितलंत. मला आता राग करायला माणूस मिळाला. तो तर मोकळा झाला बिचारा." मग ते एकदम म्हणाले, "माफी मागू नका. मागाल तर हाकलून देईन."

"मागत नाही."

"लिहून द्या. आत्ता सांगितलं ते सगळं. खाली सही आणि तारीख."

हेच व्हायचं होतं, बायकोनं सांगितलेलं. सावकाशांनी टेबलाच्या कडेला बसून लिहिलं. पाऊण तास लागला. मराठी शाळेतलं सुटं सुटं अक्षर, एकही खाडाखोड नाही. घड्याळवाल्यांनी सगळं वाचलं आणि कागदाची घडी केली.

"याचं काय करीन ते ठरवलेलं नाही."

"तुमच्याकडे आहे, तुमचं आहे."

तेवढ्यात आरामखुर्चीतून आवाज आला. मास्तरीणबाईंनी तोंड वाकडं करून, जोर लावून एक शब्द बाहेर काढला. "च… हा."

घड्याळवाल्यांनी मान फिरवली. "नाही. आज नाही."

"चहा."

"अगं, कळलं का तुला हा माणूस कोण ते? सगळं ऐकलंस ना तू?"

बाईंनी मान हलवली. ऐकलं होतं. डोळे पाण्यानं भरलेले, आणि त्यात दया होती की राग, ते सावकाशांना ओळखता आलं नाही. बाईंनी डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला. वर्गात पोरं ऐकेनाशी झाली की मास्तरीण टेबलावर आपटते, तसा.

घड्याळवाले उठले. आत भांडी आपटल्याचे आवाज झाले. परत आले ते दोन कप घेऊन. एक त्यांनी बायकोच्या डाव्या हाताशी धरला, दुसरा सावकाशांपुढे ठेवला, त्यांच्याकडे न बघता.

"हा तिचा आहे. माझा समजू नका."

सावकाशांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

कागद डेपोत पोचला तो तीन आठवड्यांनी. साहेबांनी त्यांना बोलावून इतकंच विचारलं, "तुम्हाला वेड लागलं होतं का?" मग नव्यानं चौकशी बसली. साहेबांची बदली झाली. सावकाशांच्या हातातून चाक काढून घेतलं आणि उरलेले महिने त्यांना सुट्या भागांच्या खोलीत बसवलं. निवृत्तीच्या दिवशी हार नाही, भाषण नाही. कंडक्टरबाई तेवढी येऊन पाया पडली आणि म्हणाली, "काका, तुम्ही गेलात की मला सावकाश कोण म्हणणार?" बायकोनं शेजारणीला सांगितलं, "आमच्या ह्यांचं सगळं गेलं, पण रात्री झोपतात आता." कौतुक होतं की तक्रार, हे शेजारणीला कळलं नाही.

पुलाच्या दोन्ही बाजूंना आता उंचीचा आडवा लोखंडी दांडा आहे. उंच गाडी आली की तो आधी वाजतो.

सावकाश महिन्यातून एकदा बाजाराच्या मागच्या गल्लीत जातात. घड्याळवाले दार उघडतात आणि सांगतात, "राग आहे अजून." सावकाश म्हणतात, "असू द्या," आणि आत जाऊन मास्तरीणबाईंच्या समोर स्टुलावर बसतात. बाई सध्या बेचा पाढा म्हणायला शिकतायत. सहापर्यंत येतात, पुढे अडतात. सावकाश पुढचा आकडा सांगत नाहीत. त्या परत पहिल्यापासून सुरू करतात आणि ते ऐकत राहतात.